कंट्रोल रूम, पीटीएसडी आणि गॅजेट्स: माझा अनुभव

इमर्जन्सी कंट्रोल रूममध्ये फोन उचलणाऱ्यांना कसला आलाय ट्रॉमा, असं बहुतेकांना वाटतं. आगीत शिरतात फायरवाले, रस्त्यावरून माणूस उचलतात ॲम्ब्युलन्सवाले, गोळीसमोर उभे राहतात सैनिक. आम्ही आपले एसीत खुर्चीवर, डोक्याला हेडसेट, समोर तीन स्क्रीन. पण आम्हाला ऐकू सगळं येतं आणि शेवट मात्र कधीच कळत नाही. गाडी पोचते, पलीकडे दार वाजतं, "आले, आले" असा कुणाचा तरी आवाज येतो आणि फोन कट. माणूस वाचला की गेला याचा विचार करायला वेळच नसतो कारण पुढचा कॉल कानात आलेला असतो, आणि तो कॉल कुणीतरी गेटसमोर आडवी गाडी लावल्याचा असू शकतो, आणि त्या माणसाशीही त्याच शांत आवाजात बोलायचं असतं.

पीटीएसडी, म्हणजे पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, भयंकर प्रसंगानंतर मनात राहून जाणारा त्रास. हे नाव डीएसएममध्ये, म्हणजे अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या निदानाच्या पुस्तकात, १९८० साली आलं, आणि त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा मोठा वाटा होता. आमच्यासारख्यांचा नंबर लागायला २०१३ उजाडलं. त्या वर्षीच्या पाचव्या आवृत्तीत लिहिलंय की कामाचा भाग म्हणून भयंकर तपशील वारंवार अंगावर येत असतील तर तेही धरायचं, आणि उदाहरणं दिलीत मृतदेहांचे अवशेष गोळा करणाऱ्या फर्स्ट रिस्पॉन्डरची आणि बालअत्याचाराचे तपशील पुन्हापुन्हा ऐकाव्या लागणाऱ्या पोलिसांची. माझ्या सायकॉलॉजिस्ट मॅडमनी पहिल्याच भेटीत हे दाखवलं तेव्हा मला बरं वाटलं. आपण नाटक करत नाही आहोत हे कुठेतरी छापलेलं असणं फार मोठी गोष्ट असते, निदान माझ्यासारखीला, जिला प्रत्येक गोष्टीचा प्रोटोकॉल लागतो.

आता माझा कॉल. सगळ्यांचा एक असतो. रोज ढीगभर कॉल घेऊन काही होत नाही आणि मग एखादाच आत जाऊन बसतो, तोच का हे सांगता येत नाही. एक मुलगी होती, आवाजावरून शाळेतली, घरात ती आणि तिची आई दोघीच, आई खाली पडलेली, श्वास नाही. फोनवरून सीपीआर, म्हणजे श्वास आणि हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबत राहणं, सांगायची पद्धत ठरलेली आहे: फोन स्पीकरवर टाक, जमिनीवर गुडघ्यांवर बस, छातीच्या मधोमध तळहात, त्यावर दुसरा हात, जोरात दाब, मोठ्या माणसाची छाती किमान ५ सेंटीमीटर खाली जायला पाहिजे, आणि वेग मिनिटाला १०० ते १२०. वेग टिकावा म्हणून आपण मोठ्याने मोजायचं आणि तिलाही मोजायला लावायचं. एक दोन तीन चार, एक दोन तीन चार. ती मोजत होती. मध्येच तिने विचारलं, "आई उठेल ना?" आणि मी काही बोलले नाही, निदान मला तसंच आठवत होतं, की मी खूप वेळ गप्प बसले. मग गाडी पोचली. फोन कट.

त्यानंतर मला मोजणं ऐकवेना. हे सांगताना आजही विचित्र वाटतं कारण मोजणं जगात सगळीकडे असतं. व्यायामाच्या व्हिडिओत मोजतात, मुलं लपाछपी खेळताना भिंतीला डोकं लावून मोजतात, बँकेत काउंटरमागचा माणूस पुटपुटत नोटा मोजतो. कुठेही सुरू झालं की मानेपासून गार पडायचं आणि मी तिथून निघायचे, कारण काहीतरी काढून. रात्री स्वप्नात मी मोजतेय आणि माझा आकडा चुकतोय. कामावर हेडसेटमध्ये कॉल यायच्या आधी एक बारीक टोन वाजतो, तो वाजला की पोटात गोळा. घरी मी कुणाशी धड बोलत नव्हते, बोलले तर ओरडत होते. हे सगळं बरेच महिने चाललं आणि मी त्याला "जरा थकवा आहे" म्हणत होते.

ऑफिसने काहीच केलं नाही असं नाही. कॉलनंतरच्याच आठवड्यात आमच्या शिफ्टला एका खोलीत बसवून एक सेशन झालं, प्रत्येकाने काय वाटलं ते सांगायचं, सही करायची, संपलं. मी "ठीक आहे" म्हणाले, बाकीचेही तेच म्हणाले, साहेब बाजूला बसलेले असताना दुसरं काय म्हणणार. हे एकाच सेशनमध्ये उरकायचं डीब्रीफिंग दिसायला फार चांगलं दिसतं, पण २००२ च्या कॉक्रेन रिव्ह्यूने, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्याने, सरळ म्हटलंय की त्याने पीटीएसडी टळतो असं दिसत नाही आणि ते सक्तीने करणं बंद करावं. तरी अजून होतंच. मग एक वेलनेस ॲप आलं, त्यात लॉगिन करायला एम्प्लॉयी नंबर टाकायचा होता. कुणीही उघडलं नाही! "मला झोप येत नाही" हे आपल्या एम्प्लॉयी नंबरखाली कोण लिहील?

एका ज्युनिअर मुलाने मला टेट्रिस, तो वरून पडणारे ठोकळे जुळवायचा गेम, खेळायला सांगितलं. मी हसले, पण तो वाचून आला होता. एमिली होम्स नावाच्या संशोधक बाईंनी २००९ मध्ये दाखवलं होतं की वाईट दृश्यं बघितल्यावर थोड्या वेळाने टेट्रिस खेळलं तर नंतर ती दृश्यं आपोआप डोळ्यांसमोर येण्याचं प्रमाण कमी होतं, आणि पुढे त्यांच्या टीमने रस्ते अपघातातून आलेल्या लोकांवर हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागातच ते करून बघितलं, तिथेही पहिल्या आठवड्यात अशा आठवणी कमी आल्या. कल्पना अशी की आठवण पक्की व्हायच्या काळात मेंदूचा चित्रं सांभाळणारा भाग दुसऱ्या चित्रांत गुंतवायचा. पण हे प्रयोग घटनेनंतर काही तासांच्या आतले होते, आधी ती आठवण जागी करून. माझे महिने उलटले होते आणि माझ्या आठवणीत चित्र जवळपास नव्हतंच, नुसता आवाज. मी तरी खेळले. हायस्कोर चांगला झाला, एवढंच.

शेवटी बाहेरच्या एका क्लिनिकमध्ये गेले, ट्रॉमावरच काम करणारं. सैनिक, फायरचे लोक, पोलीस, सगळे यायचे. आत गेल्यावर पहिल्यांदा हातात टॅब्लेट देतात, त्यावर पीसीएल-५ नावाची प्रश्नावली. २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ८० पैकी. साधारण ३१ ते ३३ च्या वर गेलं की पीटीएसडी असण्याची शक्यता धरून पुढची तपासणी करतात. म्हणजे नुसत्या आकड्यावर निदान होत नाही, मॅडमनी नंतर सविस्तर बसून विचारलंच. माझा आकडा पन्नाशीच्या वर गेला. दर आठवड्याला तीच प्रश्नावली, आणि स्क्रीनवर रेघ दिसते वर चालली की खाली. लोकांना हे कोरडं वाटेल, मला फार आवडलं. "कसं वाटतंय" या प्रश्नाला मी कायम "ठीक" म्हणणार, पण "नको असलेल्या आठवणींनी गेल्या महिन्यात किती त्रास दिला" याला ० ते ४ मधला आकडा द्यायचा म्हटलं की खोटं बोलता येत नाही. आकडा चांगलाच घसरला तर तो खरा फरक मानतात, एखाद-दोन खालीवर झाले तर त्याने खूश व्हायचं नाही आणि घाबरायचंही नाही.

क्लिनिकमध्ये व्हीआर, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी, होतं. गॉगल. मी जिथे जिथे ट्रीटमेंटबद्दल बोलले तिथे लोकांनी पहिलं हेच विचारलं, "ते गॉगलवालं केलंस का?" तर ते असं, की मी नाही केलं, पण वेटिंगमध्ये एक निवृत्त सैनिक भेटायचे, आम्ही सगळे त्यांना फौजी काका म्हणायचो, ते करत होते. त्यांचा ताफा स्फोटात सापडला होता. गॉगलमध्ये रस्ता दिसतो, आपण गाडीत बसलेलो, खालची खुर्ची इंजिनसारखी थरथरते आणि शेजारी थेरपिस्ट कीबोर्ड घेऊन बसलेली असते. काय दाखवायचं ते ती ठरवते: आता धूर, आता हेलिकॉप्टरचा आवाज, आता समोरची गाडी थांबली. पेशंट जितकं सांगेल आणि सोसेल तितकंच वाढवत न्यायचं. काही ठिकाणी जळक्या रबराचा, डिझेलचा वासही सोडतात, कारण वासाचा रस्ता मेंदूतल्या भीतीच्या केंद्रापर्यंत, म्हणजे अमिग्डालापर्यंत, फार जवळचा आहे. काका म्हणायचे, "अगं पोरी, सगळं खोटं दिसतं, झाडं तर कागदाची वाटतात, पण पहिला आवाज झाला की पाय आपोआप ब्रेकवर जातो, आणि तिथे ब्रेकच नसतो!" आणि स्वतःच हसायचे.

याची सुरुवात तशी जुनी आहे. १९९० च्या दशकात अटलांटामध्ये बार्बरा रॉथबॉम आणि लॅरी हॉजेस यांनी व्हिएतनामच्या सैनिकांसाठी व्हर्च्युअल व्हिएतनाम केलं. ११ सप्टेंबर २००१ नंतर न्यूयॉर्कमध्ये जोॲन डिफीडे यांनी वर्ल्ड ट्रेड सेंटरचं दृश्य उभं केलं. स्किप रिझो यांनी साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात व्हर्च्युअल इराक बनवलं, पुढे त्याचंच ब्रेव्हमाइंड झालं, आणि त्याचा पहिला मालमसाला चक्क एका युद्धाच्या व्हिडिओ गेममधून घेतलेला होता. ऐकायला भारी आहे सगळं. पण मॅडमनी काकांना आणि मला दोघांनाही स्वच्छ सांगितलेलं: २०१६ मध्ये १६२ सैनिकांवरचा एक अभ्यास आला, त्यात व्हीआर आणि साधं, डोळे मिटून आठवण सांगायचं एक्स्पोजर, म्हणजे त्या आठवणीला मुद्दाम सामोरं जाणं, अशी तुलना होती. दोन्ही काहीच न करण्यापेक्षा चांगलं ठरलं, पण व्हीआर वरचढ ठरलं नाही, उलट तीन आणि सहा महिन्यांनी साधं एक्स्पोजर केलेल्यांना लक्षणं कमी होती. मग व्हीआर ठेवायचंच कशाला? तर ज्याला डोळे मिटून काही आठवतच नाही, किंवा आठवलं तरी आतून बधिर राहतो, त्याला आत शिरायला दार मिळावं म्हणून. काकांना ते लागू पडलं. मला मॅडम म्हणाल्या, "तुमचा प्रसंग डोळ्यांचा नाहीच, कानांचा आहे. तुम्हाला गॉगल लावून मी काय दाखवू, तुमच्याच तीन स्क्रीन?"

म्हणून माझ्या वाट्याला आलं सगळ्यात साधं यंत्र, फोनमधला रेकॉर्डर. पद्धतीचं नाव प्रोलाँग्ड एक्स्पोजर, एड्ना फोआ यांनी विकसित केलेली, साधारण ८ ते १५ सेशन, एकेक दीड तासाचं. डोळे मिटायचे आणि प्रसंग वर्तमानकाळात सांगायचा, आत्ता घडतोय असा. "टोन वाजतो. मी बटण दाबते. पलीकडे एक मुलगी रडतेय." शेवटपर्यंत गेलं की पुन्हा पहिल्यापासून. मध्ये मध्ये मॅडम विचारणार, "आकडा?" म्हणजे त्रास ० ते १०० मध्ये किती. आणि हे सगळं रेकॉर्ड करायचं, आणि ते रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं. रोज. यासाठी पीई कोच नावाचं ॲपच आहे, २०१२ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिक आणि संरक्षण खात्यांनी काढलेलं, त्यात सेशन रेकॉर्ड होतं, घरचा अभ्यास दिसतो, आकडे नोंदवता येतात. त्याच्या आधीचं २०११ चं पीटीएसडी कोच वेगळं, ते फुकट आहे, अकाउंट लागत नाही, आणि मुख्य म्हणजे नोकरीचा नंबर मागत नाही. ते मी थेरपी सुरू व्हायच्या आधीपासून वापरत होते, रात्री दचकून उठल्यावर काहीतरी करायला हाताशी. पण ते ट्रीटमेंटची जागा घेत नाही, तेही तसं म्हणत नाही.

पहिली काही सेशन फुकट गेल्यासारखी वाटली. मी प्रसंग सांगत होते, मस्त सांगत होते, क्रम बरोबर, वेळा बरोबर, मॅडमनी आकडा विचारला की "३०" म्हणायचे. माझ्या छातीला त्यांनी हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा लावलेला असायचा. एका सेशननंतर त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. मी ३० म्हणत होते तिथे ठोके जिना धावत चढल्यावर असतात तसे वर गेलेले. त्या म्हणाल्या, "नुसत्या ठोक्यांवरून भीती ठरत नाही, पण जरा आपलं रेकॉर्डिंग ऐका, तुम्ही कुठल्या आवाजात बोलताय?" घरी ऐकलं आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात कळलं. तो माझा कॉलवरचा आवाज होता. सपाट, मधे श्वास नाही, शब्द सुटे सुटे. वर्षानुवर्षं ट्रेनिंग घेऊन कमावलेला आवाज, समोरचा कितीही ओरडला तरी हलायचं नाही असा. मी स्वतःच्याच प्रसंगाचं डिस्पॅचिंग करत होते! हे मला माणसाच्या तोंडून पटलं नसतं. पट्ट्यावरची रेघ आणि रेकॉर्डिंग दोन्ही समोर ठेवल्यावर पटलं, आणि यंत्रांचा मला सगळ्यात मोठा उपयोग झाला असेल तर तो इथे.

पुढच्या वेळी मॅडमनी सावकाश बोलायला लावलं. टोन वाजतो. कसा वाजतो? हाताखाली काय आहे? हेडसेटचा फोम कानाला कसा लागतो? आणि मग आकडा ३० राहिला नाही, ८५-९० ला गेला, मला वाटलं मी इथेच उलटी करणार. त्या म्हणाल्या थांबू नका, सांगत रहा. सांगत राहिले. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा तोच प्रसंग सांगताना तो आकडा आपोआप थोडा खाली आला, मी काही न करता. हे "काही न करता" महत्त्वाचं आहे, पुढे सांगते.

"आई उठेल ना" ही जागा सगळ्यात वाईट. नंतरच्या सेशनमध्ये पूर्ण प्रसंग सोडून फक्त अशीच जागा पुन्हापुन्हा घेतात. मी त्या शांततेपाशी यायचे आणि म्हणायचे, "मी गप्प आहे. मी काहीच बोलत नाही." एकदा मॅडमनी मध्येच विचारलं, "तुमची बोटं काय करतायत?" डोळे उघडून बघितलं तर माझी उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती. टायपिंग. मी टाइप करत होते. त्या गप्प असण्याच्या वेळात मी गाडीला मेसेज टाकत होते, घरात मुलगी एकटी, दार उघडं. आणि ते टाकून झाल्यावर मी तिला म्हणाले होते, "तू छान करतेयस, थांबू नको, गाडी आलीच." हे सगळं घडलेलंच होतं, पण माझ्या डोक्यातल्या आठवणीतून ते गळून गेलं होतं आणि फक्त शांतता उरली होती. म्हणजे मी निर्दोष सुटले वगैरे असं काही नाही, आईचं काय झालं ते मला आजही माहीत नाही. पण "मी तिला एकटीला सोडलं" हे जे वाक्य मी रोज मनात म्हणत होते ते रेकॉर्डिंगवर पुन्हा म्हणताना मला म्हणवेना.

मेंदूत नेमकं काय होतं हेही मी विचारलं कारण मला माहिती लागतेच. जुनी भीती पुसली जात नाही. जुनी पायवाट तशीच राहते, शेजारून नवी पाडायची, आणि नवीवरून इतकं चालायचं की पाय तिकडेच वळले पाहिजेत. शास्त्रात याला एक्स्टिंक्शन म्हणतात, अमिग्डाला धोक्याची घंटा वाजवते आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग "अरे, ही नुसती आठवण आहे" असं शिकतो. म्हणूनच रोज ऐकायचं. आठवड्यातून एकदा सेशनमध्ये रडून येऊन भागत नाही.

आता घड्याळाची भानगड. माझ्या हातात स्मार्टवॉच होतं, ते ठोके वाढले की हलकं थरथरून "श्वास घ्या" म्हणायचं. एकदा घरी रेकॉर्डिंग ऐकताना ऐन वाईट जागी ते थरथरलं, मी डोळे मिटून पाच-सहा सावकाश श्वास घेतले, बरं वाटलं, खूश होऊन मॅडमना सांगितलं. त्या खूश झाल्या नाहीत. एक्स्पोजर चालू असताना श्वासाने स्वतःला खाली आणलं तर मेंदू शिकतो की मी श्वास घेतला म्हणून वाचले. शिकायचं हे असतं की काही न करताही हे ओसरतं. आणि सारखं घड्याळात ठोके बघणं हे दाराची कडी परत परत तपासण्यातलंच. म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी घड्याळ ड्रॉवरमध्ये. झोपेचा स्कोरही बंद करून टाकला, कारण सकाळी उठून बरं वाटत असताना घड्याळ ४२ दाखवायचं आणि मग माझा दिवस ४२ सारखाच जायचा.

श्वासाचं तंत्र वाईट आहे असं नाही, त्याची जागा वेगळी. मिनिटाला साधारण सहा श्वास या वेगाने घेतले की दोन ठोक्यांमधलं अंतर श्वासाबरोबर छान लयीत वाढतं-कमी होतं, त्याला हार्ट रेट व्हेरिएबिलिटी म्हणतात, आणि स्क्रीनवर ती लाट बघत बघत सराव करायचा ते बायोफीडबॅक. मी ते शिफ्ट संपल्यावर घरी जायच्या आधी करायचे, अजूनही करते. आत जाताना कामाची मी आणि बाहेर पडताना घरची मी यांच्यात थोडं अंतर पडतं.

फौजी काकांचं घड्याळ मात्र वेगळं प्रकरण. त्यांना स्वप्नं भयानक पडायची, बायको वेगळ्या खोलीत झोपायची कारण झोपेत हात चालायचे. त्यांच्या मुलाने कुठूनतरी नाइटवेअरबद्दल काढलं. मनगटावरच्या घड्याळाने ठोके आणि हालचाल यावरून दुःस्वप्न ओळखायचं आणि हलकंसं थरथरायचं, इतपतच की स्वप्न मोडावं पण माणूस जागा होऊ नये. एका अमेरिकन पोराने कॉलेजात असताना, इराकहून परतलेल्या आपल्या वडिलांसाठी २०१५ च्या एका हॅकेथॉनमध्ये याची सुरुवात केली, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या संस्थेने, त्याला परवानगी दिली. तेही ७० जणांच्या ३० दिवसांच्या चाचणीवर, ज्यात खोटं घड्याळ लावलेल्यांचीही झोप सुधारली होती, खरं लावलेल्यांची जास्त. तिथेही ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतं आणि ते दुःस्वप्नांपुरतं, पीटीएसडीवरचा एकमेव इलाज म्हणून नाही. काकांना ते मिळालं नाही, त्यांनी गोळ्या आणि व्हीआर यांवर निभावलं. एमडीएमए या नशेच्या औषधाने पीटीएसडीवर उपचार करायची बातमी वाचून काका त्याबद्दलही मॅडमना विचारून आले होते, तो उपचार एफडीएने ऑगस्ट २०२४ मध्ये नाकारला तेव्हा काका म्हणाले, "बरं झालं, या वयात आणखी काय काय खायचं."

एक्स्पोजरचा दुसरा अर्धा भाग बाहेरच्या जगातला. जे जे टाळतेय त्याची यादी करायची, त्रासाच्या आकड्याने लावायची आणि खालून वर चढायचं. माझ्या यादीत तळाला होतं मेट्रोनोम ॲप. फोनवर ११० चा वेग लावायचा आणि नुसतं ऐकायचं, टक टक टक, कुणी मोजत नाही, तरी सुरुवातीला आकडा ४०. त्याच्या वर व्यायामाचा व्हिडिओ, आवाज चालू ठेवून. त्याच्या वर घरच्या पोरांबरोबर लपाछपी, राज्य माझ्यावर, मोठ्याने मोजायचं. शेंड्याला होतं सीपीआर ट्रेनिंगच्या बाहुलीसमोर बसून स्वतः दाबत दाबत मोजणं. ती बाहुली आजकाल ब्लूटूथवाली असते, वेग आणि खोली फोनवर दाखवते, वेग कमी पडला की रंग बदलतो. तिथे मी रडले, भरपूर, पण रंग हिरवाच होता.

हे वाचून कुणी घरी स्वतःच आपला प्रसंग रेकॉर्ड करून ऐकायला बसू नका, कळकळीने सांगते. पहिल्या दोन आठवड्यांत माझी स्वप्नं वाढली होती आणि पीसीएलची रेघ वर गेली होती, तेव्हा समोर मॅडम होत्या म्हणून मी सोडलं नाही. ज्यांना सेशनला जाता येत नाही त्यांच्यासाठी व्हिडिओ कॉलवरही हेच करतात आणि ते समोरासमोर केल्याइतकंच चालतं असं अभ्यासांत दिसलंय. त्यामुळे दूरच्या ठिकाणी ड्यूटी असलेल्यांना अगदीच काही नाही असं नाही. चॅटबॉटशी बोलून बघितलेली एक मैत्रीण आहे माझी, फायरमध्ये. तिचं म्हणणं, तो फार लवकर धीर देतो. एक्स्पोजरमध्ये नेमकं तेच नको असतं.

शेवटी माझी रेघ त्या ३१-३३ च्या खाली आली आणि बहुतेक वेळा खाली राहते. टोन वाजला की पोटात अजून कधीतरी हलतं. काकू आता काकांच्याच खोलीत झोपतात, हे काकांनी वेटिंगमध्ये सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं.

मी परत कामावर आहे, अर्धी शिफ्ट कॉल आणि अर्धी नव्या पोरापोरींचं ट्रेनिंग. वरून विचारणा झाली की तुमच्या अनुभवावरून स्टाफसाठी काय घ्यावं, व्हीआर सेट बघतायत म्हणे. मी लेखी दिलं की सेट नको, वाईट कॉलनंतर पुढचा कॉल थोडा वेळ दुसऱ्याकडे वळवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये करा, जो थेरपी घेतोय त्याला रेकॉर्डिंग ऐकायला ड्यूटीतला वेळ द्या आणि एक दार बंद होणारी खोली द्या, आणि गाडीच्या टीमने परवानगी असेल तिथे केसचं पुढे काय झालं ते एका ओळीत आम्हाला कळवावं. कॉल वळवायचं झालं, बटण आलंय, पोरं वापरतात. एका ओळीचं "विचाराधीन" आहे. खोली मिळाली, फक्त त्यात प्रिंटर आहे, त्यामुळे दर दहा मिनिटांनी कुणीतरी दार वाजवतं.